सातव्या होलची घंटा

डोंगरावरच्या त्या खासगी गोल्फ मैदानात सातव्या होलला मध्येच एक टेकाड आडवं येतं. पलीकडे कोण उभं आहे ते अलीकडून दिसत नाही, म्हणून पलीकडे खांबाला घंटा टांगलेली. पुढच्यांनी वाट मोकळी केली की दोरी ओढायची, एकच ठोका द्यायचा, मग मागच्यांनी चेंडू मारायचा. आजूबाजूच्या बंगल्यांतली मंडळी एरवी कुणाचं ऐकणारी नव्हेत, पण हा नियम पाळायची. टाळकं प्रत्येकाला प्यारं असतं.

दातांचे डॉक्टर मात्र दोन ठोके द्यायचे. मित्र म्हणायचे, "विसरभोळा आहे लेकाचा. एकदा वाजवलेलं विसरतो आणि पुन्हा वाजवतो." खरी गोष्ट त्या दोघा नवरा-बायकोंनाच ठाऊक होती. बायका पुरुषांच्या मागून खेळायच्या. पहिला ठोका नियमाचा, दुसरा डॉक्टरीणबाईंचा. "लोक काय म्हणतील," असं बाई घरी गेल्यावर दरवेळी म्हणायच्या, आणि मैदानात दुसरा ठोका ऐकल्याशिवाय काठी उचलायच्या नाहीत. किती सुखाचे दिवस होते ते!

मित्रांची थट्टा पुढे खरी झाली. हल्ली डॉक्टर बायकोलाच विचारायचे, "बाई, तुम्ही घरी कधी जाता?" बाईंनी हे लेकीलाही सांगितलं नव्हतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

आणि आता घंटा उतरवून तिथे दिवा बसवणार, असं क्लबने ठरवलं. ती उतरवण्याआधी एकदा तरी डॉक्टरांनीच ती वाजवायची, म्हणून बाई हट्टाला पेटल्या.

"आई, बाबांना काठी कुठल्या बाजूने धरायची ते कळत नाही आता," लेक म्हणाली.

"तुला तरी कुठे कळतं? तू गाडी चालव. दोरी त्यांच्या हातात दे आणि गप्प उभी राहा."

लेक बाबांना गाडीत बसवून टेकाडापलीकडे गेली. बाई अलीकडे एकट्या थांबल्या. जीव नुसता टांगणीला लागला होता.

एक ठोका पडला. तो काय, हाताच्या सवयीनेही पडतो. बाई थांबल्या. वारा आला, गेला. आपलंच चुकलं, नसता हट्ट धरला, असं म्हणत त्यांनी काठी उचलली, आणि दुसरा ठोका पडला.

बाईंचा चेंडू नेहमीसारखा झुडपांत गेला. त्याच्याकडे न बघता त्या धापा टाकत टेकाड चढून उतरल्या. डॉक्टर दोरी धरून उभे होते. बाईंना पाहून ते अदबीने म्हणाले,

"बाई, जरा कडेला व्हा. मागून आमची ही येतेय. तिचा चेंडू कुठेही जातो."

लेकीने तोंड फिरवलं.

"होते की," बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याशेजारी उभ्या राहून त्याही टेकाडाकडे बघू लागल्या.