मळणी यंत्राचे नवे तोंड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझे सुरुवातीचे दिवस लातूरच्या एका तंत्रनिकेतनात गेले. तिथे मुले माझ्यावर यंत्रांच्या भागांची चित्रे काढायला शिकली. पुढे नवे संगणक आले, मी भंगारात निघालो आणि जवळच्याच मुरुड गावच्या महादेवप्पांनी मला आपल्या वर्कशॉपमध्ये आणले. ते सोयाबीनची मळणी यंत्रे बनवत.

चित्रे काढायची तिथे कामाला असलेली सत्यशीला. प्रत्येक भाग आधी माझ्या पडद्यावर उमटे, मग तसा पत्रा कापला जाई. गिऱ्हाइके म्हणत, "हुबेहूब काढलंय की!" मला धन्य वाटे. पण आतली गोष्ट मला ठाऊक होती. तिने रेघा नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या. एक हलवली की बाकीच्या विस्कटत. म्हणून एकदा काढलेल्या चित्राला ती सहसा हात लावत नसे.

मागच्या सुगीत साखराबाई नावाच्या मजूर बाईंचा हात पेंढी ढकलताना आमच्याच यंत्रात गेला. दोन बोटे तुटली. त्यांना दवाखान्यात भेटून महादेवप्पा थेट सत्यशीलेपाशी आले. म्हणाले, "पेंढी घालायचं यंत्राचं तोंड लांब कर, पोरी. हात आत पोचलाच न्हाई पाहिजे. विकलेल्या एकोणीस यंत्रांनाबी आपण नवं तोंड बसवून देऊ."

सत्यशीलेने घाईघाईने वरची रेघ लांबवली. उतार वाकडा झाला, नटबोल्टांची भोके सरकली. तिने ती एकेक करून जागेवर आणली, पण एक राहून गेले. पत्रा कापून आला तो यंत्राला बसेचना.

"लई मोठी चूक झाली, अप्पा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"पत्रा वाया गेला, बोट न्हाई गेलं. पुन्हा काढ. पण दमानं."

तिने सारे पुसले. या वेळी तिने रेघांना नाती लावून दिली. या दोन कडा कायम समांतर राहतील. भोके कडेपासून ठरल्या अंतरावरच राहतील. तोंड नेहमी मधोमध राहील. लांबी, रुंदी, उंची यांचे आकडे तिने नावांसकट एका तक्त्यात मांडले. यात दोन दिवस गेले. मग तिने लांबीचा एकच आकडा बदलला आणि सगळे चित्र भोकांसकट शहाण्यासारखे सरकले. पत्राही अचूक बसला.

महादेवप्पांनी साखराबाईंना बोलावले. बंद यंत्राच्या तोंडात त्यांनी हात घालून पाहिला.

"न्हाई पोचत. पण लई उंच झालंय. दिसभर असं ढकलून खांदा राहील का? बनवताना आमाला कुणी इचारलंच न्हाई."

पूर्वीची सत्यशीला म्हणाली असती, आता बदलता येत नाही. तिने साखराबाईंना आत आणून माझ्यासमोर खुर्चीवर बसवले.

"किती खाली घेऊ, मावशी?"

त्यांनी उभ्या राहून छातीच्या खाली हात धरला. सत्यशीलेने टेपने मापले आणि आकडा टाकला. लांबी होती तेवढीच राहिली, फक्त तोंड खाली आले.

"एवढ्यात झालं?"

"हाव."

एकोणीस यंत्रांची मापे थोडीथोडी वेगळी होती. सत्यशीला गावोगाव जाऊन मापे घेई, परत येऊन आकडे बदली. पेरण्या उरकेपर्यंत सगळी तोंडे बसली.

यंदा साखराबाई पुन्हा कामावर गेल्या. यंत्र सुरू झाले तेव्हा त्या दोन पावले मागेच थांबल्या होत्या, असे सत्यशीला अप्पांना सांगत होती. मग पदर खोचून पुढे झाल्या आणि त्यांनी पेंढी ढकलली.

मित्रांनो, आता मी फार हळू चालतो. माझ्यावरची धूळ कुणी पुसली तर बरेच वाटेल. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. काही बनवाल तेव्हा ते पुढे बदलता येईल असे बनवा. बदलणे अवघड झाले की माणूस समोरच्याचे ऐकणे सोडून देतो. हे मी फार जवळून पाहिले आहे.