व्हर्नाला विचारल्याशिवाय नाही

माझी बायको थोरा हॅल्वरसन राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडली ती न्यू हॅम्पशरमधल्या एका हॉटेलच्या जेवणघरात. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न झालं होतं आणि टेबलांवरची कागदी फुलं अजून कुणी उचलली नव्हती. तिचा प्रचारप्रमुख रूनी याने पक्षाच्या एकजुटीवर चांगलं दोन पानी भाषण लिहून दिलं होतं. थोराने ते वाचलंच नाही. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "मी थकले आहे. थकलेल्या बाईला तुम्ही मत द्यावं असं मला वाटत नाही." आणि खाली उतरली.

थोरा आमच्या विस्कॉन्सिनची गव्हर्नर होती. मी गुरांचा डॉक्टर. राजकारणातलं मला कळतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

घरी आल्यावर ती नुसती झोपत राहिली. पलंगावर, खुर्चीत, कधी अंगात कोट तसाच ठेवून. शेजारणी भट्टीत भाजलेल्या बटाट्या-मांसाची भांडी झाकून आणून द्यायच्या, हळू आवाजात बोलायच्या, जणू घरात कुणी गेलंय. एका वर्तमानपत्राने तिचं व्यंगचित्र काढलं होतं. झोपायचा झगा, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, आणि मागे रिकामं व्हाइट हाउस. ती ते बघून हसली. मला काही हसू आलं नाही.

पण टपालातून वेगळीच माणसं बोलत होती. 'निदान एक तरी उमेदवार खरं बोलली,' असं बहुतेकांचं म्हणणं. ती पत्रं मी वाचून दाखवायचो. एकदोन ऐकली की ती म्हणायची, "पुरे, लेस्टर."

एप्रिलमध्ये आमच्या राज्याची प्रायमरी आली. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या त्या राज्यातली माणसं मत देऊन ठरवतात ती ही निवडणूक. मतांप्रमाणे उमेदवारांना त्या राज्याचे प्रतिनिधी मिळतात, आणि ते जुलैत पक्षाच्या अधिवेशनात जमून शेवटची निवड करतात. थोराचं नाव मतपत्रिकेवरून काढायची मुदत उलटून गेली होती, म्हणून ते तसंच राहिलं. आम्ही दोघं शाळेत जाऊन मत देऊन आलो.

"कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू? तू कुणाला दिलंस?"

"तुला."

"वाया घालवलंस."

एक सभा नाही, एक जाहिरात नाही, आणि थोरा दुसरी आली. पहिला आला सेनेटर विल्यर्ड, ज्याला सगळे भावी राष्ट्राध्यक्षच समजून चालले होते. पुढच्याच आठवड्यात बाहेर आलं की विल्यर्ड युद्धातलं जे शौर्यपदक सांगत फिरायचा, ते त्याला कधी मिळालंच नव्हतं. तो टीव्हीवर रडला आणि त्यानेही शर्यत सोडली. मागे उरला एकटा बॉट, दुसऱ्या एका राज्याचा गव्हर्नर. बॉट वाईट माणूस नव्हता. फक्त तो ज्या खोलीत शिरायचा त्या खोलीचं मत त्याचं मत व्हायचं. शेतकऱ्यांच्या खोलीत दुधाला भाव वाढवून द्यायचा, व्यापाऱ्यांच्या खोलीत कमी करायचा, आणि दोन्हीकडे डोळ्यांत पाणी आणून बोलायचा.

मग रूनी आमच्या दारात आला. सोबत आमच्या राज्यातला पक्षाचा अध्यक्ष ऑग्डेन स्ट्रँड. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. दोघांनी बूट दाराबाहेर काढले आणि मोज्यांनिशी स्वयंपाकघरात येऊन बसले. मी कॉफी ठेवली.

"बाई, परत उभ्या राहा," रूनी म्हणाला. त्याला प्रस्तावना कधी जमलीच नाही.

"रूनी, मी बाहेर पडले. सगळ्या देशाने बघितलं."

"बघितलं, आणि तरी मतं दिली. तुम्ही घरी झोपला होतात तरी दुसऱ्या आलात!"

"म्हणजे मी झोपलेली असते तेव्हाच लोकांना जास्त आवडते."

स्ट्रँडला हसू आलं, पण त्याने ते कॉफीच्या कपात दडवलं. "थोरा, पुढच्या राज्यांत लोकांसमोर एकच नाव आहे," तो म्हणाला. "एकच नाव असेल तर ती निवडणूक कसली?"

"पैसे आहेत? माणसं आहेत?"

"माणसं येतील," रूनी म्हणाला. "तुम्ही हो म्हणा. बॉटला अर्ध्याहून जास्त प्रतिनिधी मिळू द्यायचे नाहीत. मग जुलैच्या अधिवेशनात काहीही होऊ शकतं."

"मला विचाराल तर नको," मी म्हणालो. "ती अजून धड जेवत नाही."

"तुला कुणी विचारलं नव्हतं," थोरा म्हणाली. मग जरा वेळाने, "पण ऐकलं मी."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. रूनी आणि स्ट्रँड एकमेकांकडे बघत होते. शेवटी ती वळली. "व्हर्नाला विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

"कोण व्हर्ना?" रूनीने विचारलं.

थोराने त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचाऱ्याने कप खाली ठेवला. व्हर्ना कुबिचेक म्हणजे नदीपलीकडे आयोवात, डब्यूकमध्ये केस कापायचं सलून चालवणारी बाई. सगळ्या हिवाळ्यात थोराचं तिथलं कार्यालय म्हणजे व्हर्नाचं सलून. दारोदार हिंडायला माणसं गोळा करायची व्हर्ना, त्यांना सूप पाजायची व्हर्ना. आणि प्रचारप्रमुखाला तिचं नावही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डब्यूकला गेलो. नदी फुगलेली होती, पाण्यातून झाडांच्या फांद्या वाहत होत्या. 

सलूनमध्ये एक म्हातारी डोक्यावर ड्रायरचं टोपडं घेऊन बसली होती आणि दुसरी एक खुर्चीत होती. तिच्या केसांना व्हर्ना रंग लावत होती. खाली फरशीवर डाग पडू नयेत म्हणून कागद अंथरले होते. ते आमचीच उरलेली प्रचारपत्रकं होती. थोराच्या छापील चेहऱ्यावर तपकिरी रंग सांडून वाळला होता. आम्हाला बघून व्हर्नाने ते उचलायची काही घाई केली नाही.

"बसा," ती म्हणाली. "मला वेळ आहे, पण हात मोकळे नाहीत."

आम्ही बसलो.

"मी फोन करायला हवा होता," थोरा म्हणाली.

"हो. करायला हवा होतास."

"चुकलंच."

"मी रेडिओवर ऐकलं. इथेच उभी होते. हिच्याच डोक्यात हात होते माझे." तिने खुर्चीतल्या बाईकडे हनुवटी केली. "विचार हिला."

"रंग कानापर्यंत आला होता माझ्या," ती बाई म्हणाली.

"काय म्हणतेय ती?" ड्रायरखालची म्हातारी ओरडली.

"काही नाही, मिल्ड्रेड, तू वाळ!" व्हर्ना ओरडली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "थोरा, आमच्यातल्या निम्म्या बायकांनी बर्फात दारं ठोठावली. माझा गुडघा तेव्हापासून धड नाही. दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूची माझी दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. त्याचं काही नाही. तू थकलीस त्याचाही राग नाही मला. मी थकले नव्हते? सगळेच थकले होते. पण तू आम्हाला न सांगता थकलीस."

थोराने मान खाली घातली. मला वाटलं आपण उठावं, गाडीत जाऊन बसावं. पण व्हर्नाने मला नजरेनेच तिथे बसवलं.

"आता ते परत उभी राहा म्हणतात," थोरा म्हणाली.

"ऐकलंय. जिंकशील?"

"नाही."

"मग कशाला?"

"बॉटला अडवून प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी इथे जे केलंत, ते मी मध्येच—"

"थांब." व्हर्नाने ब्रश वर धरला. "माझं नाव पुढे करू नकोस. माझ्यासाठी तर अजिबात उभी राहू नकोस. मला काही नकोय तुझ्याकडून. उभं राहायचं असेल तर तुला राहायचंय म्हणून राहा. आणि राहिलीस तर मग शेवटपर्यंत राहा. हरत असलीस तरी. दुसऱ्यांदा रेडिओवर ऐकायची माझी तयारी नाही."

"काय म्हणतेय ती?" मिल्ड्रेडने पुन्हा विचारलं.

"शेवटपर्यंत राहा म्हणतेय!" खुर्चीतली बाई ओरडली.

"कुठे?"

व्हर्नाने हात पुसले, थोराकडे नीट बघितलं आणि दुसरी खुर्ची फिरवली. "इथे ये. त्या डोक्याकडे बघवत नाही. कुणी कापले हे केस?"

"मीच."

"दिसतंय."

तिने थोराचं डोकं मागे टेकवलं, गरम पाणी सोडलं आणि साबण लावू लागली. थोरा डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळाने तिचा हात खुर्चीवरून खाली लोंबला आणि तोंड जरा उघडं पडलं. झोपली होती. व्हर्नाने पाणी बंद केलं, मानेखाली टॉवेलची घडी सारली आणि बोटांनीच हळूहळू तिचं डोकं चोळत राहिली. खुर्चीतल्या बाईच्या केसांना रंग चढून वर दहा मिनिटं झाली असतील, पण तीही काही बोलली नाही.

परतताना पुलावर थोरा म्हणाली, "मी उभी राहते."

"मला नको वाटतंय."

"माहीत आहे. मलाही नको वाटतंय."

"मग?"

ती नदीकडे बघत म्हणाली, "लेस्टर, मी थकले म्हणून नव्हतं सोडलं. न्यू हॅम्पशरच्या मतदानात मी चौथी आले म्हणून सोडलं. दोनदा गव्हर्नर झालेली बाई, आणि चौथी! लाज वाटली मला. थकले म्हणायला सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. आता लोक मला पत्रं लिहितात, तुम्ही खरं बोललात म्हणून. ती तू वाचतोस ना, तेव्हा मला कानात बोटं घालावीशी वाटतात."

इतक्या वर्षांच्या संसारात ती मला असं काही सांगेल असं वाटलं नव्हतं. मी गाडी चालवत राहिलो.

तिने पुन्हा उमेदवारी जाहीर केली तेव्हा हेच सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडिसनच्या एका लहानशा सभागृहात, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे. "मी तुम्हाला सांगितलं मी थकले. अर्धंच सांगितलं. मी हरले होते आणि मला ते सोसलं नाही." रूनीने कपाळाला हात लावला. वर्तमानपत्रांनी तिला आधीपेक्षा जास्त झोडलं. आत, बाहेर, आत, असं म्हणून एकाने तिला फिरत्या दाराची उपमा दिली. पत्रं येणंही कमी झालं.

मग सुरू झालं ते गावोगावचं हिंडणं. नेब्रास्कातली चर्चची तळघरं, पातळ कॉफी, कागदी ताटल्या, प्रत्येक गावात तोच प्रश्न: परत का आलात? ती प्रत्येक वेळी नव्याने उत्तर द्यायची, निदान मला तरी तसं वाटायचं. व्हर्ना सलूनला कुलूप लावून आठवडाभर आली. लंगडत लंगडत दारं ठोठावली आणि जाताना नुसती म्हणाली, "बरं चाललंय." नेब्रास्का हरलो. ओरेगन हरलो. साउथ डकोटा जिंकलो. का जिंकलो, ते रूनीलाही सांगता आलं नाही.

जूनच्या शेवटी रूनी बॉटचा निरोप घेऊन आला. थोराने अधिवेशनाआधी माघार घ्यावी, तिचे प्रतिनिधी त्याच्याकडे वळवावेत, आणि तो निवडून आला की शेतीखातं तिचं. ओमाहातल्या मोटेलात थोरा गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती.

"घे," मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो. "शेतीखातं तुला आवडेल. चल, घरी जाऊ."

"मला आवडेल," ती म्हणाली. "नाही म्हणून सांग, रूनी."

"बाई, हे वेडेपण आहे."

"असेल. टॉवेल दे."

अधिवेशनात राज्यांची नावं एकामागून एक पुकारली गेली. निकाल काय लागणार ते सगळ्यांना माहीत होतं. थोराच्या नावावर आमचं विस्कॉन्सिन काही, साउथ डकोटा सगळं, आणि इकडचे तिकडचे एखाददुसरे. बॉट जिंकला, रडला, आणि थोराला मिठी मारून तिच्या कानात काहीतरी म्हणाला. काय, असं मी विचारलं. "त्यालाही ऐकू आलं नसेल," ती म्हणाली. सभागृह रिकामं झालं तरी साउथ डकोटाची माणसं जागेवरून हलेनात. थोरा पायातले बूट काढून त्यांच्यात जाऊन बसली आणि कुणीतरी दिलेलं अर्धं सँडविच खात राहिली.

नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बॉट दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराकडून हरला. फार मोठ्या फरकाने नाही. त्या थंडीत एकदा आम्ही किराणा दुकानात गेलो होतो. ऑर्व्हिल बर्क, ज्याच्या गाई मी जन्मभर बघत आलो, तो पावांच्या फळीपाशी उभा होता. थोराकडे न बघता म्हणाला, "तू वेळेवर बाजूला झाली असतीस तर आपला माणूस आला असता."

"असेल, ऑर्व्हिल," थोरा म्हणाली, आणि तिने पाव घेतला.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "तुलाही तसंच वाटतं?"

मी किल्ली हातात धरून बसलो. "मला नाही माहीत."

"मलाही नाही," ती म्हणाली. "गाडी सुरू कर ना. पाय गारठलेत."