माहेरचा मासा

हेलिकॉप्टर मासे नदीतून वर येऊन नारबा नगरेच्या घराच्या भिंतींना चिकटले, त्याला नऊ दिवस झाले होते. वस्तीतल्या दुसऱ्या कुठल्याही घराला ते चिकटले नव्हते. हातभर लांब, काळे, अंगावर पत्र्यासारखे खवले, आणि तोंड खालच्या अंगाला, वाटीसारखं. ती वाटी भिंतीला लावून ते चुना खरवडून खात. चुना संपला की खालची माती. घरात बसलं की चहूकडून खापरावर नख घासल्यासारखा आवाज येई.

नारबाची सून वैजयंता सकाळी उठली की आधी त्यांच्यावर तांब्याने पाणी शिंपडायची आणि मग चुलीला पोतेरं घालायची.

"कशाला पाजतीस त्यास्नी?" नारबा म्हणाला. "वाळून मरत्याल तर मरू दे की."

"माझ्या माहेरची हायेत, मामंजी. दारात आलेल्याला पाणी बी द्यायचं न्हाय व्हय?"

ती खोटं बोलत नव्हती.

भोयांच्या त्या वस्तीत सून एकटी येत नसे. बापाच्या नदीतला एक जिवंत मासा तांब्याच्या घागरीत घालून ती बरोबर आणायची. तिने माप ओलांडायच्या आधी सासऱ्याने ती घागर घेऊन कमरेइतक्या पाण्यात जायचं, माशाच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि त्याला इथल्या नदीत सोडायचं. मासा जगला तर सून रमली असं समजत. आणि सून कायमची माघारी गेली तर तिच्या मागोमाग तिचा मासाही जातो, असं म्हणत. पाहिलं कोणीच नव्हतं. त्या वस्तीतली सून आजवर माघारी गेली नव्हती.

वैजयंताचं माहेर वरच्या अंगाला, शहरात. तिथल्या नदीत फेस होता, मासा नव्हता. रीत तर मोडायची नाही, म्हणून तिच्या बापाने लग्नाच्या सकाळी काचेच्या पेट्या विकणाऱ्या दुकानातून बोटाएवढा काळा मासा आणला. "गुणाचा आहे," तो व्याह्याला म्हणाला. "पेटीची काच चाटूनपुसून साफ ठेवतो."

नारबाने तो रीतीप्रमाणे पाण्यात नेला. पण मासा घागरीच्या बुडाला आतून चिकटून बसला. घागर पालथी केली, पाणी पडलं, मासा काही पडेना. काठावरची म्हातारी माणसं हसली.

"माहेर सुटंना व्हय रं तिचं? थोपट बुडाला. सासऱ्यानं थोपटल्याबिगर लेक उतरत नसती."

नारबाने तीनदा थोपटलं. मासा टपकन पाण्यात पडला आणि गेला.

त्याला बारा वर्षं झाली. आता जाळं ओढलं की वाम नाही, मरळ नाही, शिंगटी नाही. नुसते हेलिकॉप्टर. त्यांचे काटे जाळ्यात असे रुततात की मासा सुटत नाही, जाळंच कापावं लागतं. काठावर टाकले तर कुत्रंही हुंगून पुढे जातं. तीन वर्षांमागे नारबाचा एकुलता मुलगा भागवत होडी उलटून गेला. तेराव्याला आलेल्या बायका वैजयंताला म्हणाल्या, पोर ना बाळ, जा आता बापाकडं. ती म्हणाली, "माझा मासा हितं हाय." आणि ती राहिली. तिचा बापही पुढे वारला. तेव्हापासून घरात सासरा आणि सून, दोघंच.

अशात जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातून दोन मुलं आली. केतकी नावाची मुलगी प्रश्न विचारायची आणि झुबेर कॅमेरा धरायचा. बाहेरून आलेल्या माशांनी नदी कशी खाल्ली, यावर त्यांना बारा मिनिटांची फिल्म करायची होती. सोमवारी ती कॉलेजात द्यायची होती. केतकीने नारबाला होडीच्या काठावर बसवलं आणि विचारलं, "आबा, हा मासा तुमच्या नदीत आला कुठून?"

नारबाला आयुष्यात कोणी काही नीट बसवून विचारलं नव्हतं. तो ताठ होऊन बसला.

"आला न्हाय, आणलाय," तो म्हणाला. "रीतीनं आणलाय. माझ्या सुनेचा हाय. साऱ्या वस्तीत एकीचा बी मासा इतका रमला न्हाय. पोर न्हाय म्हणून बोलत्यात तिला. तिच्या माशाची पोरं मोजा म्हणावं."

केतकीने झुबेरकडे पाहिलं. "आलं?"

"आलं," झुबेर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मासा उंबऱ्याला चिकटलेला होता.

मग केतकी म्हणाली, "आबा, ते सोडणं एकदा करून दाखवाल? मासा नसला तरी चालेल. रिकामी घागर पालथी करा फक्त."

नारबाने माळ्यावरून घागर काढली, चिंच लावून घासली, उन्हात उपडी ठेवून वाळवली. पाण्यात उतरून ती पालथी केली. घागरीतून बोटाएवढा काळा मासा पडला आणि गेला.

"फोकस हलला," झुबेर म्हणाला. "परत घेऊ या."

दुसऱ्या वेळी सूर्य ढगात गेला. तिसऱ्या वेळी नारबाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. सहा दिवसांत त्याने रिकामी घागर सात वेळा पालथी केली आणि दर वेळी तिच्यातून एक मासा पडला. केतकीने वहीत सात खुणा केल्या. माशांबद्दल कोणी काही बोललं नाही. फिल्ममध्ये ते शोभतच होते.

पहिल्या दिवशी घागर पालथी करून नारबा घरी आला तेव्हा वैजयंता फडताळासमोर टाचा उंचावून उभी होती.

"मामंजी, फडताळ कुणी वर सरकवलं?"

फडताळ भिंतीतलंच होतं. ते कोण सरकवणार? नारबाने तिला मिठाची बरणी काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्याने हळदीची दिली. चौथ्या दिवशी तिला बरणी उचलवेना. भांडी घासताना मासे भिंत सोडून तिच्या दंडावर, मनगटावर येऊन बसत आणि ती त्यांना तसंच वागवत काम करी. तिच्या उजव्या हातावर भागवतचं नाव गोंदलेलं होतं. पाचव्या दिवशी तिथे नुसता हात होता.

"काढून टाक की गं त्यास्नी."

"माया करत्यात, मामंजी. लई वर्सांनी भेटल्यात."

सातव्या दिवशी ती रांजणाच्या खांद्याला लागेनाशी झाली. नारबा खुरपं घेऊन उठला आणि भिंतीवरचा एक मासा त्याने उखडून काढला. त्याच्यामागे भिंत नव्हती. भोकातून शेजाऱ्याची शेळी दिसत होती. त्याने दुसरा उखडला, तिथेही ऊनच. वर आढं करकरलं. आता घर माशांवरच उभं होतं. नारबाने दोन्ही मासे उचलून होते तिथे परत लावले.

आठव्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बापू चार माणसं घेऊन आले. त्यांनी झुबेरच्या कॅमेऱ्यात नारबाचं बोलणं पाहिलं होतं. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले.

"नारबा, तू सोत्ताच्या तोंडानं बोललायस. आमी न्हाय."

"बोललो."

"जाळी कापून कापून संपली. माझी दोन पोरं कारखान्यावर गेली. तुझ्या सुनेशी वैर न्हाय आमचं. पर तिला माघारी धाड. मासं जात्याल तिच्यामागं. रीत आपलीच हाय."

"कुठं धाडू, बापू? बाप मेलाय तिचा. माहेर ऱ्हायलंय कुठं?"

"तिच्या गावची नदी येऊन आपल्यातच मिळती की," बापू म्हणाले. "पाण्यात सोडली म्हंजी माहेरीच पोचली. उद्याच्याला सकाळी कर."

नारबा तसाच उठून देवळापाशी गेला. पारावर केतकी कॅमेऱ्यातली चित्रं पाहत बसली होती. तिचे डोळे जागून लाल झाले होते.

"ताई, मी बोललो तेवढं पुसा. माझ्या सुनेचं नाव काढा त्यातनं. माझं घाला."

"तुमचंच आहे, आबा. हातही तुमचेच दिसतात."

"मग तिचं कशाला पायजे?"

"सगळी फिल्म त्या एका वाक्यावर उभी आहे." तिने कॅमेरा बंद केला. "आणि आमच्याकडे शेवट नाहीये. तो मासा परत जाताना दिसला ना, तर शेवट होईल. उद्या सकाळी ऊन चांगलं आहे."

नवव्या दिवशी नारबा उठला तेव्हा चूल पेटलेली नव्हती. वैजयंता घागरीत बसली होती. घागरीत गळ्यापर्यंत पाणी होतं आणि काठाशी हळदकुंकवाची वाटी तयार होती. तिचा चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. आवाज मात्र तिचाच होता.

"ऊन चढायच्या आत जाऊ, मामंजी."

"मी तुला सोडायचा न्हाय."

"घागर तर उचला. अवघडलेय मी."

नारबाने घागर खांद्यावर घेतली आणि सडकेची वाट धरली. फाट्यावर साडेसातची एसटी येते. एसटीत बसावं, कुठल्याही गावी उतरावं, नदी नसेल अशा गावी, असं त्याच्या मनात होतं. बाभळी ओलांडल्या, सोसायटीचं शेड ओलांडलं आणि वाट घाटावर उतरली. तो मागे वळला, देवळाच्या बाजूने गेला. देवळाची पायरी उतरली की घाट होता. तिसऱ्यांदा तो डोळे मिटून चालला. पायांना पाणी लागलं तेव्हा त्याने डोळे उघडले.

सगळी वस्ती काठावर उभी होती. झुबेरने कॅमेरा तिवईवर लावला होता.

"असेच या, आबा," केतकी म्हणाली. "घाई करू नका. आमच्याकडे बघू नका."

पाणी कमरेला लागलं. नारबाने घागर खांद्यावरून खाली घेतली आणि बोटावर कुंकू घेऊन आत हात घातला. कपाळ असायला हवं होतं तिथे बोट टेकवलं. कुंकू ठरेना. तीन वेळा लावलं, तीन वेळा निसटून पाण्यात विरलं.

"मी न्हाय पालथी करणार," तो मोठ्याने म्हणाला.

त्याच्या हातांनी मात्र हे काम सात वेळा केलं होतं, त्याच्याआधी एकदा केलं होतं, आणि त्यांना आता त्याची गरज नव्हती. घागर कलली. पाणी पडलं. वैजयंता पडली नाही. आतून काहीतरी बुडाला घट्ट धरून होतं.

"मामंजी," आतून आवाज आला, खूप लहान.

पाण्याखाली त्याच्या कमरेभोवती मासे गोळा झाले होते. उताणे होऊन सगळ्यांनी वाट्या वर केल्या होत्या. मागे वस्तीकडे काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला. कोणी वळून पाहिलं नाही.

"थोपट रं, नारबा," बापू काठावरून म्हणाले. "सासऱ्यानं थोपटल्याबिगर लेक उतरत नसती."

या वेळी कोणी हसलं नाही.

"चालू आहे," झुबेर म्हणाला.

नारबाने हात उचलला. घागरीच्या घासून लख्ख केलेल्या बुडावर त्याला आपला तळवा दिसला. तो गोट्यासारखा गुळगुळीत होता, त्याच्यावर एकही रेघ नव्हती.