मानेपर्यंत पुरलेला तुलू

मी एक जुना तुलू आहे. कानो शहराच्या वाटेवरच्या गावात तसल्ला कुंभारणीने मला घडवलं. त्यासाठी तिने तीन नद्यांची माती आणली. चौथी नदी भिऊन वळसा घालून गेली, ती अजून लांबूनच वाहते.

माझ्याबरोबर त्याच भट्टीत एक रांदा भाजली. लोक दोघांनाही पाण्याचं भांडंच म्हणतात. पण मित्रांनो, मी बारीक मानेचा. विहिरीवरून डोक्यावर बसून पाणी आणतो. रांदा रुंद तोंडाची. अंगणात अर्धी पुरलेली, पाणी गार राखते. मी चालतो, ती बसते.

हे आमच्या हाबू टोपीवाल्याला कुठलं पटायला? त्याच्या बाळाच्या नामकरणाच्या सकाळीच घरातली रांदा तडकली. बाळंतीण कांडे आतून म्हणाली, "शेजारून एक मागून आणा."

"मागायची कशाला? हा आहे की!" म्हणत हाबूने मला गळ्यापर्यंत वाळूत रोवलं आणि काठोकाठ भरलं.

पाहुणे आले. मला वाकवता येईना, म्हणून हाबूने पत्र्याचा पेला बोटांच्या टोकांत धरून हात आत घातला. हात गेला, पण आत पेला घट्ट धरला, तशी मूठ बाहेर येईना! इमाम ताटकळले. बापाने त्यांच्या कानात बाळाचं नाव सांगायचं, मग त्यांनी ते पुकारायचं, तर बाप अंगणात ओणवा!

आमच्याकडे आतेभावाने टर उडवायचीच असते. हाबूचा आतेभाऊ टांको ओरडला, "बाळाचं नाव तुलूच ठेवा! बाप बघा कसा वाकलाय!"

"हसतोस काय, मेल्या? ओढ!" हाबू खेकसला.

ओढून झालं, शेंगदाण्याचं तेल ओतून झालं. शेवटी टांकोने मुसळ उचललं. मित्रांनो, माझी मान गेलीच होती!

तेवढ्यात दाराआडून कांडे म्हणाली, "घरधनी, पेला सोडा!"

"मग पाहुण्यांना पाणी कशाने देऊ?"

"आधी हात तर मोकळा करा!"

हाबूने मूठ उघडली. हात सुळकन बाहेर! बाळाचं नाव साआदू ठेवलं, पण गाव त्याला तुलूच म्हणतं.

आता प्लास्टिकचे कॅन आलेत. मी भिंतीशी आडवा पडलोय, कोंबडी माझ्यात अंडं घालायला बघते. पेला मात्र अजून पोटात आहे. नातवंडं भलत्या भांड्याला भलत्या कामाला जुंपू लागली, की म्हातारा हाबू मला हलवतो. खुळुक!

म्हणून विनवतो, भांड्याला कामाला लावण्याआधी त्याचं काम विचारा. आणि हात अडकलाच, तर मुसळ शोधण्याआधी मूठ सोडा.