पहिला घास

त्या मार्चमध्ये राजधानीत लोकांनी रस्ते अडवले, राजवाड्याला वेढा घातला, आणि राजेसाहेब बायकामुलांसकट निसटले. राइनपलीकडे दुसऱ्याचं राज्य होतं. नदी ओलांडली की त्यांना कोणी हात लावू शकत नव्हतं. माझा नवरा गांगोल्फ एका अर्जावर सही केली म्हणून किल्ल्यात डांबलेला होता. राजा हाती लागला तरच कैदी सुटतील, असं सगळे म्हणत.

दुपारी नदीकाठच्या माझ्या खाणावळीपुढे बग्गी थांबली. काळ्या पोशाखातल्या बाई म्हणाल्या, आपण एका धान्यव्यापाऱ्याची विधवा. सोबत दोन मुलं, दाई आणि एक जाडसर नोकर. पलीकडे जायची घाई होती, पण वारं उलटं होतं.

"वारं जरा पडू द्या, बाई," माझा दीर वेंडेल म्हणाला. पलीकडे नेणारी नाव त्याचीच. "तोवर वहिनीच्या हातचं सूप घ्या. बुडायचंच तर भरल्या पोटी."

बाई हसल्या नाहीत.

मी मसुराचं सूप आणि राय धान्याचा काळपट पाव वाढला. नोकर बाहेर नदीकडे बघत उभा होता. त्याचं ताट मी चुलीपाशी ठेवलं. टेबलावर मात्र कोणी चमच्याला हात लावेना. धाकटा पाचेक वर्षांचा असेल. हात मांडीवर ठेवून तो नुसता आवंढे गिळत होता.

"खा की रे सोन्या."

त्यानं दाराकडे पाहिलं.

"गरम आहे अजून," बाई म्हणाल्या. वाफ केव्हाच विरली होती.

"विष नाही घातलंय हो," वेंडेल म्हणाला. "वहिनीच्या सुपाचा रंगच तसा असतो."

तेवढ्यात नोकर आत आला. पोराचे डोळे भरून आले. "आता?" त्यानं हळूच विचारलं.

नोकरानं पोराकडे पाहिलं, मग वेंडेलकडे, मग खिडकीतून नावेकडे. बाईंनी मान किंचित हलवून नको म्हटलं. तरी तो पुढे झाला, पोराच्या पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

चारही चमचे एकदम सुपात बुडाले.

माझी मावशी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राबली होती. राजानं पहिला घास घेईपर्यंत तिथं लेकरालाही खायची मुभा नसते, हे तिनं आम्हाला किती वेळा सांगितलं होतं. वेंडेलनंही ते ऐकलेलं होतं. त्यानं चिलीम खाली ठेवली.

"वारं पडलंय, वहिनी," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "काय करू?"

माझ्या डोळ्यांपुढे किल्ल्यातला गांगोल्फ आला.

"नाव बांधून ठेव," मी म्हटलं. "आणि गावात जा."

तो गेला. नोकर बाकावर बसला, पहिल्यांदाच.

"मुलाचं जेवण होऊ द्या," तो म्हणाला.

"होऊ दे की. कोण उठवतंय त्याला?"

गावाला गोळा करणारी चर्चची घंटा वाजू लागली. पोरानं रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला. मी पळी उचलली, तर तो पुन्हा बापाकडे बघायला लागला.