मेस्त्रींचे कान

"बाबा, तो स्क्रू पुन्हा फिरवलात ना?" लेकीने बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच विचारलं.

मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर हळूच खिशात सरकवला. शिक्षिकाबाईंची ही गाडी तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये आली होती. थांबली की इंजिन बंद. काल तर मागे आजारी आई बसलेली असताना भर चौकात बंद पडली. आज नीट झाली नाही तर दुसरीकडे नेईन, असं बाई सकाळी शांतपणे सांगून गेल्या होत्या. ते शांतपणे सांगणंच मेस्त्रींना जास्त लागलं.

गाडी उभी असताना इंजिन ज्या संथ वेगाने धडधडतं, तो वेग मेस्त्रींनी चाळीस वर्षं कानाने लावला होता. स्क्रू किंचित पिळायचा, ऐकायचं, पुन्हा किंचित. मीटरबिटर त्यांच्या लेखी कच्च्या लोकांची सोय. या गाडीचाही वेग त्यांनी दोनदा अचूक, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर लावला होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं. आता मात्र मनात पाल चुकचुकत होती. कान गेले की काय? हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कान गेले तर आपण इथे नुसते शोभेपुरते, या विचाराने ते धास्तावले होते.

लेकीने इंजिनाचे फेरे मोजून दाखवणारा स्कॅनर जोडला. पडदा त्यांच्याकडे वळवणार, तोच ते म्हणाले, "राहू दे. मला बघायचं नाही." डोळे मिटून ऐकू लागले. "साडेपाचशे... आता चढतंय. नऊशे. पुन्हा खाली, सहाशे."

लेक पडद्याकडे बघतच राहिली. "बाबा, आकडान् आकडा बरोबर आहे."

"मग बंद का पडतंय?"

गाडी थांबली की इंजिनाला किती हवा द्यायची हे आता कॉम्प्युटर ठरवतो, तिने सांगितलं. त्यासाठी तो एक छोटा व्हॉल्व्ह सारखा उघडझाप करतो. व्हॉल्व्ह काजळीने अडकला होता, आणि त्यात मेस्त्री स्क्रू पिळून हवा वाढवत, तर कॉम्प्युटर ती कमी करायला धावत असे. दोघांची रस्सीखेच आणि बाई चौकात.

मेस्त्रींना हसूच फुटलं. चूक हाताची होती, कानांची नव्हती. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिने व्हॉल्व्ह साफ केला, स्क्रू कंपनीच्या खुणेवर परत नेला आणि बजावलं, की आता दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, कशालाही हात लावायचा नाही, कॉम्प्युटर आपला आपण शिकेल. एवढं अवघड काम मेस्त्रींना आजवर कुणी दिलं नव्हतं. हात मांडीखाली दाबून ते स्टुलावर बसून राहिले.

इंजिन डगमगलं, सावरलं, हळूहळू एका लयीत आलं. बाई दारात येऊन उभ्या होत्या. झाली का, त्यांनी विचारलं.

लेकीने स्कॅनरची वायर काढली, गुंडाळून कपाटात ठेवली आणि मग वळली.

"बाबा, किती?"

"आठशे."

"झाली," ती बाईंना म्हणाली आणि बॉनेट लावलं.