कासवाचं पथ्य

नवरा, उ सान फे, वारला त्याच्या सातव्या दिवशी सकाळी दॉ न्वे यीच्या अंगणात कासव आलं. आमच्याकडे सातव्या दिवसापर्यंत गेलेला माणूस घराभोवतीच घुटमळतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आत भिक्खू जेवायला बसले होते, आणि हे तळहाताएवढं कासव कुंपणाखालून शिरून सरळ चालत आलं ते उ सान फेच्या वेताच्या खुर्चीखाली जाऊन थांबलं. दॉ न्वे यीच्या हातातली पळी खाली पडली. "आलात होय," एवढंच ती म्हणाली, आणि केळं सोलून तिने त्याच्यापुढे ठेवलं.

त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत कासवाने जे खाल्लं ते उ सान फेच्या आवडीचं. चिकट भात, केळी, पपई, सणावाराला नारळ घातलेली रव्याची वडी, आणि दोन्ही वेळेला ताडगूळ. उ सान फे जन्मभर ताडावर चढला, रस उतरवला, गूळ आटवला आणि त्यातला निम्मा स्वतःच फस्त केला. ऊन सोसून सोसून बिचाऱ्याची कातडी करपली होती, म्हणून आता त्याला घरात, सावलीत, चटईवर ठेवलेलं. बाईने मनापासून केलं सगळं, कुठे काही कमी पडू दिलं नाही.

कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या होत्या. एकेक चांदणी फुगत वर आली, टोकदार झाली. गावाने ते पाहिलं आणि हात जोडले. पाठीवर पॅगोडे उगवलेत म्हणाले! भरीस भर म्हणजे रोज सकाळी कासव घराबाहेर पडायचं, गल्लीच्या टोकाच्या पांढऱ्या पॅगोड्यापाशी जायचं आणि पायथ्याला तोंड टेकवून तासभर बसायचं.

"जिवंत होता तेव्हा कधी इकडे फिरकला नाही तुझा नवरा," शेजारची दॉ प्वा म्हणायची. "मेल्यावर शहाणपण आलं गं बाई!"

"येईना का. आलं ना?"

"आता पुढच्या जन्मी भिक्खूच होतो बघ. गुळाची वाटी घेऊन फिरेल भिक्षेला."

लोक फुलं घेऊन येऊ लागले. फुलांबरोबर आणखी केळी येऊ लागली. गावाला एकदा भक्ती चढली की कोण आवरणार?

यंदा नव्या वर्षाचा पाण्याचा सण उलटला आणि कासवाचे मागचे पाय लुळे पडले. पोट घासत दोन हात सरकायचं नि थांबायचं. दॉ न्वे यी त्याला टोपलीत घालून पॅगोड्याशी नेऊन ठेवी. शेवटी दॉ प्वाच उठली आणि रानात कासवांची मोजदाद करायला आलेल्या को ये लिनला धरून घेऊन आली. हा पोरगा कासव केंद्रात नोकरीला, बोलायला मऊ.

त्याने कासव उलटंपालटं करून पाहिलं. कडेच्या कवचावर अंगठा दाबला, तर कवच आत दबलं. मग तो पॅगोड्याच्या पायथ्याशी उकिडवा बसला आणि चुन्यावर बोट फिरवत राहिला. चुना ओरखडून ओरखडून खालची वीट उघडी पडली होती.

"मावशी, हे पाया पडत नाही. चुना खातंय."

"चुना? चुना कशाला खाईल?"

"कवच म्हणजे हाडच. त्याला चुना लागतो, ऊन लागतं. जेवणातून काही मिळेना, म्हणून भिंत चाटतंय. आणि हे पॅगोडे नव्हेत, मावशी. कवच वेडंवाकडं वाढलंय. काय घालता खायला?"

तिने सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला.

"गोड बंद करा. अगदी बंद," को ये लिन म्हणाला. "गवत, फड्या निवडुंगाची पानं काटे काढून, त्यावर अंड्याच्या टरफलाची पूड. सकाळी कोमट पाण्यात बसवायचं, मग उन्हात. मी घेऊन गेलो असतो, पण आत्ता जीपचे धक्के त्याला सोसायचे नाहीत. आणि हे हट्ट करेल हां. आठ-दहा दिवस गवताला तोंड लावणार नाही. तुम्ही विरघळलात की संपलं."

दॉ न्वे यी खाली बसली. गोड बंद करा, अगदी बंद. हेच शब्द तिने जिल्ह्याच्या इस्पितळात ऐकले होते. उ सान फेच्या पायाचं बोट कापलं तेव्हा. डॉक्टरांनी बजावलं, तिने मान हलवली, आणि घरी आल्यावर तो मागेल तेव्हा गूळ दिला. लहान मुलासारखा हात पुढे करायचा तो. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. शेवटच्या दुपारीसुद्धा, त्याची शुद्ध हरपत असताना, तिने गुळाचा एक खडा त्याच्या जिभेवर ठेवला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, दॉ प्वालाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने पथ्य सुरू केलं. पहाटे विळा घेऊन बांधावरचं गवत कापायची, निवडुंगाचे काटे जाळायची, टरफलं कुटायची. कासवाने ढुंकून पाहिलं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला.

"अहो, खा की," ती म्हणायची. "माझ्यासाठी एक घास."

तिसऱ्या दिवशी ते पोट घासत गुळाच्या मडक्यापाशी गेलं आणि मडक्याला डोकं लावून बसलं. पाचव्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. तिने मडक्यात हात घातला, खडा काढला, त्याच्या तोंडापाशी नेला. कासवाने मान लांब केली. तिला ती दुपार आठवली. खडा तिने परत टाकला, मडकं उचललं आणि दॉ प्वाच्या दारात नेऊन ठेवलं.

"घे हे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"अगं, पण मरेल ना ते!"

"मरू दे. पण पुन्हा गूळ माझ्या हातून नको."

असं बोलली खरी, पण घरी येऊन कासवापुढे पालथी पडून रडली. माफी मागितली. एकदा मारलं तुम्हाला, आता पुन्हा उपाशी मारते आहे, म्हणाली. कासव मान आत ओढून बसलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ती त्याच्याजवळ उन्हात बसली होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. कर्र असा आवाज आला. तिने वाकून पाहिलं. कासवाने निवडुंगाच्या पानाचा लचका तोडला होता. हिरवा रस हनुवटीवरून गळत होता. दुसरा लचका तोडला, तिसरा. पूडही चाटली. मग शेजारचं गवत ओढलं आणि सावकाश, अगदी चवीने, चावत राहिलं.

दॉ न्वे यी हसली. टाळी वाजवणार होती, पण हात वरच राहिले. ती बघतच राहिली त्याच्याकडे, बराच वेळ.

कुंपणावरून दॉ प्वा डोकावली. "खाल्लं? खाल्लं की गं! अगं, मग रडतेस कशाला आता? वाचला तुझा नवरा!"

"नाही गं," दॉ न्वे यी म्हणाली. "तो असता तर त्याने गवताला तोंड लावलं नसतं. नऊ दिवस काय, नऊ तास राहिला नसता गुळावाचून. हे कासवच आहे, प्वा. तो गेला."

दॉ प्वा कुंपण ओलांडून आली आणि तिच्याशेजारी मातीत बसली. पान संपवून कासव मान वर करून थांबलं होतं. दॉ न्वे यीने डोळे पुसले, विळा उचलला आणि ती आणखी गवत आणायला निघाली.